काढलेली ग्रंथी काय सांगते

मेहकर-लोणारकडची माणसं छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयाची वाट धरतात, शेगाव-मलकापूरची विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबईला टाटा रुग्णालय गाठतात. प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरचं ऑपरेशन करून परतलं की घरी सांगितलं जातं, "सगळं काढून टाकलं, आता काळजी नाही." पण आजार परत येण्याचा धोका किती, याचा अंदाज काढलेल्या ग्रंथीच्या पॅथॉलॉजी रिपोर्टात असतो. नेमका तोच कागद फायलीच्या तळाशी जातो.

"आमच्या आबांचंही प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, काही झालं नाही त्यांना." पारावरची ही तुलनाच चुकीची आहे. आबांची गाठ वयोमानानं वाढलेली, साधी. दुर्बिणीतून आतला भाग खरवडून लघवीची वाट मोकळी केली. बाहेरचा भाग जागेवरच राहिला. कॅन्सर बहुतेकदा त्याच बाहेरच्या भागात उगवतो, म्हणून अशा ऑपरेशननंतरही तो होऊ शकतो. कॅन्सरसाठी मात्र पूर्ण ग्रंथी आणि तिला लागून असलेल्या वीर्याच्या पिशव्या काढतात.

"बायोप्सीत कळलंच होतं, पुन्हा तपासणी कशाला?" बायोप्सीत सुईनं घेतलेले बारीक तुकडे असतात, साधारण बारा. अख्खी ग्रंथी हाती आली की चित्र बदलू शकतं, कधी सौम्य तर कधी गंभीर.

सर्वाधिक घोळ ग्लीसन स्कोअरचा. डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकी डॉक्टरांनी 1966 मध्ये मांडलेली ही पद्धत पेशींची रचना पाहते. प्रतवारी 3 मध्ये आतल्या सूक्ष्म ग्रंथींची लहान वर्तुळं सुटी-सुटी दिसतात. 4 मध्ये ती एकमेकांत मिसळतात, काही ठिकाणी चाळणीसारखी भोकं दिसतात. 5 मध्ये रचनाच उरत नाही. स्कोअर म्हणजे दोन प्रतवाऱ्यांची बेरीज; जास्त दिसणारी प्रतवारी आधी लिहितात. म्हणून 3+4 आणि 4+3 यांची बेरीज 7 असली तरी दुसऱ्यात धोका जास्त. नुसतं "सात आलं" म्हणू नका, कोणतं सात ते विचारा. चाळणीसारखी रचना असल्याचा उल्लेख असेल तर तोही महत्त्वाचा.

"मार्जिन पॉझिटिव्ह म्हणजे डॉक्टरांनी कॅन्सर आत ठेवला." असं नाही. काढलेली ग्रंथी तपासणीसाठी कापण्याआधी तिला बाहेरून शाई लावतात. सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरच्या पेशी त्या शाईला टेकलेल्या दिसल्या, तर मार्जिन पॉझिटिव्ह. यामुळे धोका वाढतो, पण अशा अनेकांना आजार कधीच परतत नाही. शाईला किती लांबीपर्यंत टेकल्या, तिथली प्रतवारी काय, यावर बरंच ठरतं. कॅन्सर ग्रंथीबाहेर, वीर्याच्या पिशव्यांत किंवा लसीकाग्रंथींत पोहोचला असेल तर धोका आणखी वाढतो.

"ग्रंथीच नाही, मग पीएसए कशाला तपासायचं?" ग्रंथी नाही म्हणूनच. पीएसए हे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं प्रथिन, म्हणून रक्तातलं पीएसए आता जवळजवळ शून्य असायला हवं. ते 0.2 किंवा जास्त आलं आणि पुन्हा तपासूनही तेवढंच राहिलं, तर आजार परतल्याचं मानतात. तेव्हाही दार बंद होत नाही. पीएसए कमी असतानाच रेडिएशन दिलं तर चांगला उपयोग होतो. म्हणून पीक निघाल्यावर जाऊ, असं म्हणत तपासणी लांबवू नये. प्रत्येक वेळी तालुक्याला रक्त दिलं की आकडा तारखेसह वहीत लिहा. दुसऱ्या रुग्णालयात जाताना रिपोर्टासोबत स्लाइड आणि मेणाचे ब्लॉकही मागून घ्या. ग्रंथीचे तुकडे त्या मेणात वर्षानुवर्षं टिकतात आणि नव्या डॉक्टरांना ते स्वतः पाहता येतात.