संमेलनाध्यक्षपदाची निवडणूक : हिराबाग ते सातारा

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी शेवटचे मतदान झाले ते बडोद्याच्या ९१ व्या संमेलनासाठी, २०१७ च्या अखेरीस. त्यानंतरचे आठही अध्यक्ष साहित्य महामंडळाच्या बैठकीत ठरले. जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्याला ९९ वे संमेलन झाले. ‘पानिपत’कार विश्वास पाटील त्याचे अध्यक्ष होते आणि त्यांच्यासाठीही कोणी मतपत्रिका भरली नाही. आता शंभरावे संमेलन उंबरठ्यावर आहे. मतदान बंद झाल्याने वादावादी थांबली, असे महामंडळाकडून समाधानाने सांगितले जाते. वादावादी थांबली हे खरे. पण वाचकाच्या पदरात काय पडले, हे तपासायचे तर आधीच्या पद्धतीचा मागोवा घ्यावा लागतो.

पहिले संमेलन ११ मे १८७८ रोजी पुण्यात हिराबागेत भरले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने ग्रंथकार एकत्र आले आणि अध्यक्षपद रानड्यांकडेच गेले. मतदानाचा प्रश्नच नव्हता. जमलेली मंडळी एकमेकांना ओळखत होती. दुसरे संमेलन १८८५ मध्ये पुण्यातच कृष्णशास्त्री राजवाडे यांच्या अध्यक्षतेखाली झाले. त्या वेळी जोतीराव फुले यांनी निमंत्रण नाकारून पत्र लिहिले. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही त्यांच्या सभेत आपण येऊन काय करायचे, असा त्या पत्राचा रोख होता. संमेलन नेमके कोणाचे, हा प्रश्न असा दुसऱ्याच संमेलनात विचारला गेला आणि पुढे सव्वाशे वर्षे मतदारयादीच्या रूपाने तो परत परत उभा राहिला.

तिसरे संमेलन साताऱ्याला भरले तेव्हा १९०५ साल उजाडले होते. १९०६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली आणि संमेलनाला घर मिळाले. त्यानंतरच्या तीन दशकांत अध्यक्षांच्या यादीत लेखकांबरोबर संस्थानिक आणि सरदारही दिसतात : १९२६ मध्ये मुंबईला माधवराव किबे, १९३२ मध्ये कोल्हापूरला सयाजीराव गायकवाड, १९३५ मध्ये इंदूरला औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. सयाजीरावांचे ग्रंथप्रेम वादातीत आहे, बाकीचा तपशील अभ्यासकांपुरता. यादीत जीव येतो तो १९४० पासून. रत्नागिरीला ना. सी. फडके, सोलापूरला वि. स. खांडेकर, नाशिकला प्र. के. अत्रे अशी लागोपाठ तीन वर्षे गेली. तशीच ओळ पुढे एकदाच लागली : १९७३ मध्ये यवतमाळला ग. दि. माडगूळकर, १९७४ मध्ये इचलकरंजीला पु. ल. देशपांडे आणि १९७५ मध्ये कऱ्हाडला दुर्गा भागवत. कऱ्हाडला आणीबाणी डोक्यावर होती, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर होते आणि दुर्गाबाईंनी तुरुंगवासात आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. संमेलनाध्यक्षपदाला जी काही पत आहे, तिचा मोठा वाटा त्या काही मिनिटांचा आहे.

निवडणुकीची यंत्रणा बांधली ती महामंडळाने. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने १९६५ पासून संमेलनाची सूत्रे हाती घेतली. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबई मराठी साहित्य संघ, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ आणि औरंगाबादची मराठवाडा साहित्य परिषद या चार घटक संस्था. त्यांच्या जोडीला बडोदे, भोपाळ, हैदराबाद, गोवा अशा ठिकाणच्या बृहन्महाराष्ट्रातील संस्था. अखेरच्या काळात प्रत्येक घटक संस्थेला १७५ मते होती, बाहेरच्या संस्थांना त्याहून कमी, शिवाय निमंत्रक संस्थेचे काही मतदार आणि माजी अध्यक्ष. सगळे मिळून मतदार हजाराच्या थोडे वर. चार-पाचशे मते पडली की बहुधा विजय पक्का.

राष्ट्रपतीही असेच मोजक्या मतदारांकडून निवडले जातात. पण ते मतदार म्हणजे आधी स्वतः निवडून आलेले खासदार-आमदार असतात. साहित्य संस्थेच्या हजारो आजीव सभासदांपैकी मतपत्रिका कोणाच्या घरी जायची, हे मात्र संस्थेचे पदाधिकारी ठरवत. पुण्यातल्या खराडीसारख्या उपनगरात राहणारा, पगारातले पैसे पुस्तकांवर घालवणारा वाचक टिळक रस्त्यावर जाऊन परिषदेचा सभासद होऊ शके, मतदार होईलच असे नाही. मतपत्रिका टपालाने जात आणि टपालानेच परत येत. त्या मधल्या वाटेवर काय घडते, हे साहित्यवर्तुळात सर्वांना ठाऊक होते. मतदाराकडून कोरी मतपत्रिका गोळा करणारे कार्यकर्ते, ‘गठ्ठा’ कोणाकडे आहे याची चर्चा, नागपूरचे गठ्ठे पुण्याकडे वळले की नाही याचे अंदाज. उमेदवारांचे वय बहुधा साठीच्या पुढचे. त्यांनी पुणे, मुंबई, नागपूर, औरंगाबाद, जमल्यास बडोदे आणि हैदराबाद अशी फेरी मारायची, पत्रके वाटायची आणि ज्यांनी आपले एकही पुस्तक वाचलेले नाही अशांना फोन करायचे.

याचे फळ १९९२ मध्ये कोल्हापूरला दिसले. विनोदी लेखन आणि प्रवासवर्णनांसाठी ओळखले जाणारे रमेश मंत्री निवडून आले. पराभूत उमेदवार होत्या इंदिरा संत. मंत्री नियमानुसार जिंकले, त्यात गैर काही नव्हते. पण त्या निकालानंतर अनेक ज्येष्ठांनी निवडणुकीच्या वाऱ्यालाही उभे राहायचे नाही असे ठरवले असेल तर नवल नाही. मराठीला चार ज्ञानपीठ पुरस्कार मिळाले. खांडेकर आणि कुसुमाग्रज संमेलनाध्यक्ष होते. विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे झाले नाहीत. विजय तेंडुलकर, जी. ए. कुलकर्णी, अरुण कोलटकर, ग्रेस, बाबूराव बागूल, नामदेव ढसाळ हेही यादीत नाहीत. नारायण सुर्वे, शांता शेळके, वसंत बापट, विजया राजाध्यक्ष हे १९९५ ते २००१ या वर्षांतील अध्यक्ष पाहिले की, पद्धत बिघडलेली असूनही मतदार कधीकधी शहाणे वागले, एवढेच म्हणता येते.

मतदानाचे शेवटचे दशक २००९ ते २०१८. खरा हिशेब या दशकाचा आहे. सुरुवात महाबळेश्वरला झाली. आनंद यादव रीतसर निवडून आले होते. त्यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवर वारकरी संघटनांनी आक्षेप घेतला. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतले, तरी दबाव ओसरला नाही आणि संमेलन तोंडावर असताना त्यांनी राजीनामा दिला. संमेलन अध्यक्षाविना पार पडले. कादंबरीच्या गुणदोषांवर मतभेद असू शकतात. पण निवडून दिलेला अध्यक्ष एकटा पडलेला असताना निवडून देणारे मतदार कुठे होते? मत देऊन ते मोकळे झाले होते. गठ्ठ्याने आलेल्या मताला लेखकाशी काही देणेघेणे नसते, हे महाबळेश्वरला उघडे पडले. त्याच वर्षी अमेरिकेत सॅन होजे येथे पहिले विश्व साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष गंगाधर पानतावणे मतदानाशिवाय ठरले. पुढे दुबईला मंगेश पाडगावकर आणि सिंगापूरला महेश एलकुंचवार आले. हे तिघेही अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष कधी झाले नाहीत. परदेशात जमणारी गोष्ट घरी का जमत नाही, असे तेव्हापासून बोलले जाऊ लागले.

चिपळूणच्या २०१३ च्या संमेलनासाठी नागनाथ कोत्तापल्ले निवडून आले, पण ती निवडणूक गाजली ती उमेदवार ह. मो. मराठे यांच्या प्रचारपत्रकातील जातीविषयक मजकुरामुळे. प्रचारात साहित्य सोडून सारे काही आले. सासवडला २०१४ मध्ये फ. मुं. शिंदे विजयी झाले आणि प्रभा गणोरकर हरल्या. घुमानला २०१५ मध्ये सदानंद मोरे जिंकले, भारत सासणे हरले. पिंपरीला २०१६ मध्ये श्रीपाल सबनीस यांनी विठ्ठल वाघांना, डोंबिवलीला २०१७ मध्ये अक्षयकुमार काळे यांनी प्रवीण दवणे यांना, बडोद्याला २०१८ मध्ये लक्ष्मीकांत देशमुख यांनी रवींद्र शोभणे यांना मागे टाकले. विजेत्यांपैकी कोणी नालायक होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मोरे यांचा संतसाहित्याचा अभ्यास, देशमुखांची प्रशासकीय अनुभवातून आलेली कथा-कादंबरी यांचे मोल मतमोजणीने वाढले नाही की घटले नाही. सल वेगळीच आहे : दरवर्षी हरलेल्या लेखकाची किंमत चारचौघांत कमी व्हायची, आणि ती ठरवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याचे लेखन वाचले होते, हे कोणी विचारत नव्हते.

एवढे असूनही त्या दशकात एक गोष्ट होती जी आता नाही. तीन-चार महिने नावे उघड असत. उमेदवारांच्या मुलाखती छापून येत, जुनी पुस्तके पुन्हा शोधली जात, साहित्यावर नाही तरी साहित्यिकांवर भांडण होई. निकालाचे आकडे वर्तमानपत्रात येत. कोण किती मतांनी हरले ते खराडीच्या वाचकालाही कळे.

२०१८ मध्ये महामंडळाने घटनादुरुस्ती केली आणि सन्मानाने अध्यक्ष निवडायचे ठरले. संस्था नावे सुचवतात, बैठकीत एकावर एकमत होते. पहिली निवड अरुणा ढेरे यांची झाली आणि तिचे सर्वत्र स्वागत झाले. २००१ नंतर मतदारांनी एकाही स्त्रीला अध्यक्ष केले नव्हते. १८७८ पासूनच्या ९१ संमेलनांत स्त्री-अध्यक्ष चार : कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष. निवडणूक गेल्यावर आठांत दोन : ढेरे आणि २०२५ च्या दिल्ली संमेलनातल्या तारा भवाळकर. ढेरे यांच्यानंतर अध्यक्ष झालेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि जयंत नारळीकर यांना गठ्ठ्यांच्या बाजारात कोणी उभे केले नसते, आणि ते उभे राहिलेही नसते. घुमानसाठी हरलेले सासणे उदगीरला, बडोद्यासाठी हरलेले शोभणे अमळनेरला सन्मानाने अध्यक्ष झाले. दोघांच्या बाबतीत महामंडळाने आपल्याच मतदारांचा कौल फिरवला, आणि बरे केले.

मात्र एकमताने अध्यक्ष ठरवले म्हणून कणा येत नाही. सन्मानाने निवडलेल्या पहिल्याच अध्यक्षांच्या संमेलनात, यवतमाळला, उद्‌घाटक नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतले गेले. महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी पद सोडले. ढेरे यांनी व्यासपीठावरून या प्रकाराबद्दल नापसंती व्यक्त केली. दबाव आला की माघार घ्यायची, ही महाबळेश्वरची सवय मतपेटीबरोबर गेली नाही.

दुखणे मतदारयादीचे होते आणि उपाय झाला मतदान काढून टाकण्याचा. सर्व आजीव सभासदांना मत देणे, टपालाऐवजी केंद्रावर किंवा ऑनलाइन मतदान घेणे, उमेदवारांना जाहीर सभेत एकत्र बोलावणे, यांपैकी काहीही करून पाहिले गेले नाही. हजार जणांचा अधिकार आता बैठकीला बसणाऱ्या मोजक्या पदाधिकाऱ्यांकडे गेला आहे. बैठकीत कोणती नावे आली, कोणते का मागे पडले, हे कुजबुजीतूनच कळते. मतदान परत आणण्याची घाई महामंडळाने करू नये. पण शंभराव्या संमेलनाचा अध्यक्ष ठरवताना संस्थांनी सुचवलेली सर्व नावे आणि अंतिम निवडीची कारणे लेखी जाहीर करावीत.