मनोवैद्यांच्या वाटा : लेखांक सातवा – विस्मरणाचा सल्ला न देणारा वैद्य

‘शेलशॉक’ हे नाव १९१५ साली ज्यांच्या निबंधामुळे वैद्यकाच्या दप्तरी दाखल झाले, त्या चार्ल्स मायर्स यांचा परिचय गेल्या लेखांकात करून दिला. आज त्यांचे केंब्रिजमधील गुरू विल्यम रिव्हर्स यांच्याकडे वळावयाचे आहे. युद्धाने खचलेल्या मनावरील उपचार हेच ज्यांचे जीवितकार्य म्हणून आज ओळखले जाते, त्या या गृहस्थांनी त्या कामास हात घातला तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती, आणि आघातोपचाराची सनद देणारे विद्यापीठ तर त्या वेळी जगात कोठेच नव्हते. मग ही विद्या त्यांनी संपादन केली कोठे?

१८६४ साली केंट परगण्यात जन्म, लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू इस्पितळात वैद्यकाचे शिक्षण आणि १८९३ पासून केंब्रिजला ज्ञानेंद्रियांच्या शरीरशास्त्राचे अध्यापन, एवढे सांगितले म्हणजे पूर्वचरित्राचा रुक्ष भाग संपतो. खरी तालीम झाली ती पुढे, आणि तीही भलत्याच दोन ठिकाणी. १९०३ साली त्यांचे स्नेही हेन्री हेड यांनी स्वतःच्या डाव्या हातातील मज्जातंतू मुद्दाम छेदून घेतले, आणि त्या हातात संवेदना कसकशी परतते हे टिपण्याचे काम सुमारे चार वर्षे रिव्हर्स यांनी आपल्या केंब्रिजच्या बिऱ्हाडी बसून केले. डोळे मिटून बसलेल्या मित्राला टोचावे, तो सांगेल ते लिहावे, आणि आपल्या पदरचा एक शब्दही त्यात मिसळू द्यावयाचा नाही, असा हा खाक्या होता. त्याच्या थोडे आधी, १९०१-०२ मध्ये, ते निलगिरीच्या पठारावर तोडा जमातीत राहून त्यांच्या वंशावळी लिहून घेत होते. तोडांमध्ये मृत आप्ताचे नाव उच्चारणे निषिद्ध. तेव्हा जे बोलावयाचे नाही तेच जाणून घ्यावयाचे, परंतु सांगणाऱ्याच्या मर्यादेला धक्का लावावयाचा नाही, ही कसरत त्यांना तेथे नित्य करावी लागली. मला तर वाटते, मनोवैद्य म्हणून त्यांचे अर्धे शिक्षण निलगिरीवरच झाले.

१९१५ साली लिव्हरपूलनजीकच्या मघल येथील लष्करी इस्पितळात ते रुजू झाले आणि पुढल्या वर्षी एडिंबरोच्या क्रेगलॉकहार्ट येथे कॅप्टनच्या हुद्द्यावर त्यांची नेमणूक झाली. पूर्वी जलोपचारगृह असलेल्या त्या वास्तूत आता फक्त लष्करी अंमलदार रुग्ण म्हणून येत. अशा रुग्णांना जो तो एकच सल्ला देई : झाले गेले विसरा, खेळात मन रमवा, त्या गोष्टी डोक्यात येऊच देऊ नका. रुग्ण बिचारे दिवसभर हे फर्मान इमानाने पाळीत आणि रात्री त्याची वसुली होई. रिव्हर्स यांनी ४ डिसेंबर १९१७ रोजी रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे वाचलेला निबंध याच प्रकाराविषयी आहे. त्यातील दोन रुग्णांच्या हकिकती येथे सांगण्याजोग्या आहेत.

एक तरुण अंमलदार बेपत्ता सोबत्याच्या शोधास गेला असता, त्याला त्या मित्राचे शिर आणि अवयव धडावेगळे होऊन पडलेले आढळले. तेव्हापासून तो मित्र रोज स्वप्नात येई, कधी त्याच छिन्न अवस्थेत, तर कधी महारोगाने झडलेल्या चेहऱ्याने, आणि जवळ जवळ येत राही, तो हा घामाने निथळत जागा होई. रिव्हर्स यांनी त्याला विसरण्यास सांगितले नाही; देहाची जी दशा झाली तीच मित्राला तत्क्षणी, यातनांविना मरण आल्याचा निर्विवाद पुरावा आहे, एवढेच त्याच्या ध्यानात आणून दिले. काही दिवसांनी पुन्हा स्वप्न पडले, त्यात तो प्रेताशेजारी गुडघे टेकून, प्रत्यक्षात केले होते तसेच, मित्राच्या चीजवस्तू त्याच्या घरी धाडण्यासाठी काढून घेत होता. या खेपेस भीतीचा लवलेश नव्हता, जाग आली ती शोकाने.

दुसरा अंमलदार स्फोटाने उडून तोंडावर पडला तो कित्येक दिवसांच्या फुगलेल्या जर्मन प्रेताच्या पोटावर. ते फुटले, आणि तोंडात भरले ते काय आहे हे शुद्ध हरपण्यापूर्वी त्याला नीट उमगले. या स्मृतीकडे आधाराने पाहता येईल अशी एकही बाजू रिव्हर्स यांना सापडली नाही. त्यांनी तसे प्रांजळपणे मानले, आणि युद्धापासून दूर खेड्यात राहिल्याने त्याला पूर्वी आराम पडला होता एवढ्या आधारावर, लष्कर सोडून तेथेच जाण्याचा सल्ला दिला. कोणत्याही उपचारपंथाच्या प्रवर्तकाला आपलीच पद्धत बाजूला ठेवणे जड जाते. रिव्हर्स यांना ते गेले नाही, हा त्यांचा विशेष मी पहिल्या यशाहून मोठा मानतो.

एक गाठ मात्र त्यांच्याने सुटली नाही. रुग्ण बरा झाला की त्याला पुन्हा खंदकात धाडावयाचे, हा सरकारी शिरस्ता होता. १९१७ च्या जुलैमध्ये युद्धाचा जाहीर निषेध करणारे कवी सिगफ्रिड ससून त्यांच्या हाती सोपविले गेले, तेव्हा पेच स्वतः वैद्याच्याच स्वप्नात शिरला. आपले ते स्वप्न त्यांनी निर्विकारपणे तपासून लिहून ठेवले, आणि निधनानंतर १९२३ साली निघालेल्या ग्रंथात ते छापले आहे. ससून नोव्हेंबरात स्वेच्छेने सेवेत परतले.

त्याच सुमारास रिव्हर्स यांची बदली लंडनमध्ये हॅम्पस्टेडच्या वैमानिकांच्या इस्पितळात झाली. तेथे त्यांना दिसले की, विमान स्वतः चालविणाऱ्यांपेक्षा, दोराने जखडलेल्या फुग्यात निमूट बसून शत्रूची टेहळणी करणारे अधिक खचतात. धोक्यापुढे हातपाय हलविण्याची सोय असणे आणि नसणे यांत एवढे अंतर का पडते, याविषयीचे त्यांचे विवेचन पुढील लेखांकात.