पन्नास म्हणजे पन्नास

पायाच्या खड्ड्यात उतरायला बांबूची शिडी होती. उतरताना बाजूच्या कापात जमिनीचे थर दिसत होते: वर काळी माती, मग पिवळट मुरूम, तळाला कातळ. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर इमारत टेकवायची नसते, हे पुण्यातल्या कुठल्याही गवंड्याला शिकवावं लागत नाही. म्हणून ती उपसायची आणि कठीण लागेपर्यंत खाली जायचं.

या जागेवरची जुनी इमारत पुनर्विकासासाठी पाडली, तेव्हा ब्रेकरने फोडलेल्या खांबांच्या बुडाशी मी सळया पाहिल्या होत्या. त्यांचे पापुद्रे बोटाने सुटत होते. वरचे मजले तसे धडधाकट, रंगही अलीकडचा, आणि खाली ही अवस्था! पाडकाम बघणारा सुपरवायझर म्हणाला, "कव्हरच सोडलं नव्हतं." एवढं बोलून तो फोनकडे वळला. हे कव्हर म्हणजे काय आणि ते कोण सोडतं, हे पाहायला मी नव्या पायाच्या कामावर जाऊ लागले.

तळ साफ झाला, वाळवीचं औषध मारलं, पीसीसीचा, म्हणजे बिनसळईच्या काँक्रीटचा, थर पडला, त्यावर सुतळीला रंग लावून आखणी झाली. फिटर बंगालकडचे, मालदा-मुर्शिदाबादचे. त्यांचे हात आकड्याने तार पिळताना इतके भराभर चालतात की कुठली गाठ कधी बसली ते कळत नाही. त्यांना पैसे टनावर मिळतात, तेव्हा घाई असणारच. त्यांनी बांधलेली जाळी पीसीसीवर सपाट पडलेली असते. ती उचलून खाली सिमेंटचे ठोकळे सरकवायचं काम एका बिगारी बाईकडे होतं.

सगळे तिला मावशी म्हणत. गाव हिंगोलीकडचं. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला टॉवेल, पायात प्लॅस्टिकची चप्पल. एक पोरगा पहारीने जाळी उचलून धरी आणि ती खाली हात घालून ठोकळा बसवी. ठोकळ्याची उंची 50 मिलिमीटर. आयएस 456 या भारतीय मानकात फुटिंगसाठी, म्हणजे खांबाखालच्या पायासाठी, सांगितलेलं हे किमान कव्हर: सळईबाहेरचा काँक्रीटचा थर. मावशींनी ते मानक पाहिलेलं नाही, पण आकडा त्यांच्या तोंडी पक्का. "पन्नास म्हणजे पन्नास," त्या म्हणाल्या. "सळई खाली टेकली की गंजती. गंजली की फुगती, अन् फुगली की काँक्रीट फोडती."

पुस्तकातही याहून फार वेगळं काही नाही. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे त्यात बुडालेल्या लोखंडाला सहसा गंज धरत नाही. ओल आणि हवा सळईपर्यंत पोचायला जितकं जाड काँक्रीट भेदावं लागेल, तितकी इमारतीची वर्षं वाढतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि ती मिळवायला आतून ढकलत राहतो. गॅलरीच्या खालून सुटलेले पोपडे आणि उघड्या पडलेल्या सळया आपण पाहतो, त्या याच भांडणाच्या खुणा. पायात हेच भांडण मातीखाली चालतं, म्हणून दिसत नाही.

भरणी रात्री झाली. दिवसा जड गाड्यांना शहरात मोकळीक नाही, त्यामुळे आरएमसीचे, म्हणजे तयार काँक्रीटचे, मिक्सर दहानंतर येऊ लागले. हवेत डिझेल आणि ओल्या सिमेंटचा उग्र वास. तिसरी गाडी वाटेत अडकून उशिरा आली, माल घट्ट झालेला. ड्रायव्हर सहज म्हणाला, "साहब, पानी मारूँ थोडा?" मुकादमालाही तेच हवं होतं. पातळ माल पटकन पसरतो, माणसं लवकर सुटतात. साइटवरचा इंजिनिअर पंचविशीचा असेल. त्याने चलनावरची वेळ पाहिली, माल किती पातळ आहे ते पाहायला स्लम्प कोन भरून उचलला, खचलेल्या ढिगाला टेप लावला आणि म्हणाला, "पाणी नाही. चालतंय तेवढं." मुकादमाने त्याच्याकडे असं पाहिलं की मला त्या पोराची काळजी वाटली.

तो बरोबर होता. जादाचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक छिद्रांचं जाळं ठेवतं. अशा पातळ मालातलं 50 मिलिमीटर कव्हर टेपवर 50 भरतं, पण ओल अडवायला तितक्या लायकीचं राहत नाही.

माल पडू लागला की पाइप धरणारे, व्हायब्रेटरवाला, फावडेवाले सगळे जाळीवरच चढतात. त्यांच्या वजनाने ठोकळे कलंडतात, जाळी बसते. गमबूट घातलेल्या त्या गर्दीत मावशी चपलेनेच फिरत होत्या. ओल्या सिमेंटने कातडी सोलते, तरी गमबूट त्यांच्या मापाचे आलेच नव्हते. वाकून बॅटरीच्या उजेडात ठोकळा दिसला नाही की त्या ओरडत, "ए, थांब रं! हितं पन्नास गेलं." पाइपवाला वैतागायचा, पण थांबायचा.

काँक्रीटची परीक्षा रीतसर होते. 15 सेंटीमीटरचे घन भरून ठेवले गेले, ते 7 आणि 28 दिवसांनी यंत्रात दाबले जातील. एम-25 दर्जाचं काँक्रीट असेल तर अशा घनाने साधारण 57 टन भार पेलायला हवा. त्याचा कागद होतो, त्यावर सही-शिक्का होतो. कव्हरची तपासणी जाळीवर माल पडण्याआधी होते, आणि नंतर काय हललं याचा कागद नाही. वर गोणपाट टाकून काही दिवस पाणी मारतात, मग मुरूम भरतात; विषय संपला.

कव्हर ठोकळे लावण्याचा वेगळा दरही बिलात नसतो, तो सळईच्या दरातच धरलेला असतो. मावशींची हजेरी शेजारच्या पुरुष बिगाऱ्यापेक्षा कमी. कारण विचारलं तर मुकादम म्हणाला, "हलकं काम आहे ते."

मला ते हलकं वाटलं नाही. जाहिरातीच्या फलकावर जलतरण तलाव आहे, क्लब हाऊस आहे, पाया कुठेच नाही. घर घेताना आपण टाइलवर टिचकी मारतो, नळ सोडून बघतो. त्याऐवजी बिल्डरकडे एक गोष्ट मागावी: माल ओतण्याआधी जाळीखाली टेप लावून काढलेले फोटो. ज्याने काम नीट केलंय तो ते पाच मिनिटांत दाखवेल. जो हसून विषय बदलेल, त्याच्याशी भावाची घासाघीस करत बसू नये, दुसरं घर बघावं.