आयसीएफने घर बांधायचं? ऑर्डर देण्याआधी हा हिशोब करा



परदेशातले बांधकामाचे व्हिडिओ बघून बरेच जण विचारतात, "सर, ते थर्माकोलच्या ठोकळ्यांत काँक्रीट ओतून घर बांधतात, ते आपल्याला परवडेल का?" घर म्हणजे आयुष्यातला सगळ्यात मोठा खर्च, आणि हप्ते पंधरा-वीस वर्षांचे. त्यामुळे धंद्यासाठी मशीन घेताना जसा विचार करता, तसाच इथे करा.

आधी वस्तू समजून घ्या

आयसीएफ म्हणजे इन्सुलेटेड काँक्रीट फॉर्म. दाट थर्माकोलच्या दोन पाट्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात आणि मध्ये पोकळी असते. ठोकळे एकावर एक रचायचे, पोकळीत सळई बांधायची आणि काँक्रीट ओतायचं. नेहमीचं शटरिंग आपण नंतर काढतो, हे मात्र भिंतीतच राहतं.

अमेरिका-कॅनडात हे चालतं, कारण तिथे हिवाळ्यात घर सतत गरम ठेवावं लागतं. भिंतीतून ऊब बाहेर गेली नाही की बिल कमी येतं आणि जास्तीचा खर्च हळूहळू वसूल होतो.

मग आपली गरज काय?

महाराष्ट्रात घर सगळ्यात जास्त तापतं ते वरच्या स्लॅबमुळे. एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन थेट डोक्यावर असतं. त्यानंतर नंबर पश्चिमेच्या भिंतीचा. भिंतींवर पैसा ओतला आणि स्लॅब तसाच ठेवला, तर वरच्या मजल्यावर रात्री उकडणारच. शिवाय घरात एसीच नसेल, तर वाचवायला बिल तरी कुठे आहे?

कोटेशनमध्ये न दिसणारा खर्च

1. जागा: अडीच इंचाच्या दोन पाट्या आणि मधलं 6 इंच काँक्रीट मिळून भिंत 11 इंचांची होते. घराची बाहेरची रुंदी 20 फूट असेल, तर 6 इंची भिंतीच्या तुलनेत आतली रुंदी 10 इंचांनी घटते.

2. काँक्रीट: 6 इंच जाडीच्या 100 चौरस फूट भिंतीला 50 घनफूट, म्हणजे साधारण 1.4 घनमीटर काँक्रीट लागतं. सळई वेगळी. पण ही भिंत भार घेते, त्यामुळे कॉलमचा खर्च वाचू शकतो. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच ठरवून घ्या.

3. मिस्त्री: काँक्रीट थराथराने ओतावं लागतं. घाई केली तर दाबाने ठोकळा फुटतो आणि व्हायब्रेटर नीट फिरला नाही तर आत पोकळ्या राहतात. थर्माकोलमुळे त्या दिसतही नाहीत! खिडक्या, पाइप यांच्या जागा आधीच पक्क्या हव्यात.

4. फिनिशिंग: थर्माकोल उघडा ठेवता येत नाही. उन्हाने तो खराब होतो, आणि आगीपासूनही आतून झाकावा लागतो. साधा सिमेंट गिलावा त्यावर थेट टिकत नाही, जाळी लागते.

5. वाळवी: थर्माकोल तिचं अन्न नाही, पण ती त्यातून पोखरत वर चढते आणि बाहेरून कळत नाही. जमिनीलगत वाळवीरोधक उपाय आधीच करावा लागतो.

6. वाहतूक: माल हलका, पण ट्रक लगेच भरतो. सप्लायर लांबचा असेल तर भाडं जोडून रेट बघा.

निर्णय कसा घ्यायचा?

घरात दिवसभर एसी चालणार, घर रस्त्याला लागून असल्याने आवाजाचा त्रास आहे आणि हे काम आधी केलेली टीम जवळपास मिळते, अशी स्थिती असेल तर आयसीएफचा जरूर विचार करा. नाहीतर एएसी ब्लॉकच्या भिंती, स्लॅबवर इन्सुलेशन आणि पांढरं कोटिंग, खिडक्यांवर छज्जे, एवढ्यात सामान्य कुटुंबाचं काम भागतं. एएसी ब्लॉक लाल विटेपेक्षा उष्णता कमी आत सोडतो, आणि तो लावणारे मिस्त्री सहज मिळतात.

आता एक काम करा. दोन्ही पद्धतींची कोटेशन मागवा, पण ठोकळ्याचा रेट विचारू नका. काँक्रीट, सळई, मजुरी, गिलावा, भाडं सगळं धरून तयार भिंतीचा प्रति चौरस फूट खर्च लेखी मागा, आणि कॉलम-बीमचा खर्च वेगळा मांडून दोन्हीकडे धरा. सप्लायरने बांधलेलं, निदान दोन पावसाळे काढलेलं एखादं घर बघून या आणि तिथल्या माणसांशी बोला. मगच ॲडव्हान्स द्या.