आधी हात, मग संवाद

नाटकाची तालीम म्हटली की डोळ्यांपुढे काय येते? वह्या घेऊन गोल बसलेली मंडळी, मध्ये चहाची किटली आणि ‘जरा भावना ओता हो!’ म्हणून ओरडणारा दिग्दर्शक. गेल्या वर्षी वाकडला आमच्या सोसायटीच्या सभागृहात कोणी डोकावले असते, तर त्याला निराळाच प्रकार दिसला असता. अर्धा तास कोणी एक शब्द बोलत नाही. एकजण पोट पुढे काढून चालतो आहे, दुसरा कपाळ पुढे करून, तिसरी पाठीवर नसलेले पोते वाहते आहे! आमच्या रखवालदाराला पहिले दोन दिवस हा योगासनांचा वर्ग वाटला.

हे परदेशी खूळ म्हणून नाक मुरडू नये. विष्णुदास भाव्यांच्या काळच्या नाटकांतले राक्षस ‘अलल डुर्र’ करीत रंगभूमीवर येत, ते देहानेच बोलत. आणि १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ उभे राहिले, तेव्हा पडदा कापडाचा नव्हता, माणसांचा होता. ओळीने उभ्या असलेल्या ब्राह्मणांनी पाठ फिरवली की झाली भिंत. तोंड फिरवले की पुन्हा माणसे. शब्द तेंडुलकरांचे आणि दिग्दर्शन जब्बार पटेलांचे. पण कृष्णदेव मुळगुंदांनी बसवलेल्या त्या हालचाली वगळल्या, तर नाटकाचा कणाच जाईल.

परदेशी मंडळीही शेवटी इथेच आली. मॉस्कोचे स्तानिस्लावस्की उतारवयात नटांना सांगू लागले, की भावनेच्या मागे धावू नका. पात्राची साधीसुधी कृती खरी करा, भावना मागोमाग येईल. त्यांचाच एकेकाळचा नट मेयरहोल्ड. त्याने १९२२ च्या सुमारास नटांसाठी कसरतींची एक पद्धतच मांडली. त्याचे म्हणणे असे, की कसबी कामगाराकडे पाहा : एकही हालचाल वाया जात नाही, तोल सुटत नाही, कामाला एक लय असते. आता पिंपरी-चिंचवडच्या माणसाला ही गोष्ट रशियातून कळावी, याची गंमत वाटते खरी!

आमचे वाकड १९९७ साली महापालिकेत आले. त्याआधी शेतीचे गाव. म्हातोबाच्या यात्रेत अजून बगाड निघते. पण एरवी रस्त्यावर दिसतात ती हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत जाणारी तरुण मुले. आमचा नट त्यांतलाच. वय चौतीस, वाणी स्वच्छ, पाठांतर चोख. भूमिका मात्र निवृत्त टर्नरची. मुलाच्या फ्लॅटमध्ये राहणारा, दिवसभर करायला काही नसलेला बाप. संवाद तो सुरेख म्हणे, पण सगळा अभिनय मानेच्या वर! म्हातारपण दाखवायचे म्हणून कमरेत वाकायचा, खोकायचा आणि उजवा हात थरथरवायचा. हाताला हमखास हशा यायचा.

तो हात आमच्याच इमारतीतल्या काकांचा होता. काकांनी चौतीस वर्षे लेथवर काढली आहेत. मी त्यांना तालमीला बोलावायला गेले, तेव्हा ते म्हणाले, “ताई, शिकवतो सगळं. पण हा हात तेवढा घेऊ नका. लोक हसतात ते मला ऐकू येतं.” काकू स्वयंपाकघरात होत्या, भांड्यांचा आवाज थांबला.

काका आले आणि रिकाम्या जागेत त्यांनी लेथ उभा केला. डावीकडे चक. डावा हात गाडीच्या चाकावर, उजवा आडव्या स्लाइडच्या मुठीवर. आधी बाह्या कोपरापर्यंत वर, कारण सैल बाही मशीन ओढून घेते. काका चेहऱ्याने काहीच करीत नव्हते. डावा कान मात्र किंचित कलला होता. का? तर टूल बोथट झाले की आवाज बदलतो, आणि तो डोळ्यांआधी कानाला कळतो. मला आणखी एक दिसले. एरवी मांडीवर थरथरणारा तो हात त्या नसलेल्या मुठीवर अगदी स्थिर होता.

मग आमच्या नटाचे शिक्षण सुरू झाले. आठ दिवस संवाद बंद. रोज अर्धा तास लेथ चालवायचा, पाय दुखेपर्यंत. नंतर तेच काम निम्मे करायचे, मग दहावा हिस्सा, मग फक्त मनात. ही पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. कसरत प्रेक्षकांना दाखवायची नसते. ती अंगात मुरवून झाकायची असते. नुसत्याच कसरती दाखवणारी नाटके मी पाहिली आहेत. तिथे माणूस दिसत नाही, घाम दिसतो.

नवव्या दिवशी वही उघडली. बाप जेवायला बसतो त्या प्रवेशात नटाने न सांगता बाह्या वर केल्या. सून बोलू लागली तेव्हा डावा कान कलला. कमरेतला बाक गेला होता, खोकला गेला होता. हात त्याने मुळीच थरथरवला नाही. एकावर एक ठेवून बसला, घट्ट. “अशाने म्हातारा वाटेल का?” आमच्यातल्या एकाने शंका काढली. मला ती पटली नाही. झाकलेला हात मला दाखवलेल्या हातापेक्षा अधिक बोलका वाटला.

प्रयोग गणेशोत्सवात झाला. पूर्वी हशा यायचा त्या जागी सभागृह शांत होते. काकू पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, “हे असेच बसतात हो.” शेवटच्या प्रवेशात बाप एकटा उभा राहून हवेत मशीन सुरू करतो. तिथे मी काकांकडे पाहिले. ते पुढे सरकून, कपाळाला आठ्या घालून पाहत होते. टाळ्या झाल्या, तरी त्यांनी वाजवल्या नाहीत.

पडदा पडताच ते थेट आत आले आणि नटाचा दंड धरून म्हणाले, “अरे, चकची चावी काढलीच नाहीस! तशीच ठेवून मशीन सुरू केलंस. सुटून लागली असती म्हणजे?”

दुसऱ्या प्रयोगात त्याने चावी काढून आधी बाजूला ठेवली.