कब्रस्तानची वही आणि सरकारचा आकडा : कोरोनाचे मृत्यू मोजले कसे गेले?

२०२१ चा एप्रिल-मे आठवला की आजही अंगावर काटा येतो. पिंपरी, भोसरी, कुदळवाडी, चाकण… ओळखीतल्या एखाद्या घरातून जनाजा उठला नाही, असा माणूस क्वचितच सापडेल. रोज संध्याकाळी मोबाईलवर मृत्यूंचा सरकारी आकडा यायचा आणि आपण एकमेकांना विचारायचो, "एवढेच? मग कब्रस्तानात आणि स्मशानात गर्दी कशाची?" दुसरीकडे उलटी अफवाही जोरात होती, की कशानेही मेला तरी कोरोनाचा शिक्का मारतात, त्याचे पैसे मिळतात. आकडा लपवतात आणि आकडा फुगवतात, हे दोन्ही आपण एकाच चहाच्या टपरीवर बोलत होतो. मग खरं काय?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. मृत्यू एका नाही, तीन वह्यांमध्ये जात होता.

पहिली वही कब्रस्तानची किंवा स्मशानाची. जी मय्यत आली तिची नोंद, मग माणूस कुठलाही असो, आजार कुठलाही असो. दुसरी वही जन्म-मृत्यू नोंदणीची. १९६९ च्या कायद्याने प्रत्येक मृत्यू तिथे नोंदवावाच लागतो. तिसरी वही कोरोनाच्या रोजच्या आकड्याची. तिच्यात तोच मृत्यू जायचा, ज्याची टेस्ट पॉझिटिव्ह होती आणि जो वेळेवर कळवला गेला. या तीन वह्या जुळणं शक्यच नव्हतं.

आपल्या पट्ट्यात तर आणखी गुंता. चाकण खेड तालुक्यात, महापालिकेच्या हद्दीबाहेर. पुणे जिल्ह्याची मोजणी तीन भागांत चालायची : पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि ग्रामीण. आता समजा, कुरुळीत खोली घेऊन राहणारा, कंपनीत ठेकेदारामार्फत काम करणारा एक भाऊ पिंपरीच्या वायसीएममध्ये वारला. आधार कार्डावर पत्ता बीडचा. मृत्यू शहरात झाला, राहणं ग्रामीणमध्ये, कागद तिसऱ्याच जिल्ह्याचा. त्याला मोजायचं कुणी? शहराबाहेरच्या रुग्णांचे मृत्यू वेगळे दाखवले जायचे. मग एका कार्यालयाने दुसऱ्याला कळवायचं. यात उशीर व्हायचा आणि काही नावं राहूनही जायची.

हा नुसता आमचा अंदाज नाही. १६ जून २०२० रोजी राज्य सरकारने आधी न मोजलेले १,३२८ मृत्यू एकदम यादीत घेतले. त्यातले ८६२ एकट्या मुंबईचे होते.

दुसरं कारण टेस्टचं. अनेकांचा आरटीपीसीआर निगेटिव्ह यायचा, पण एचआरसीटीमध्ये फुप्फुसं भरलेली दिसायची. कुणी घरीच गेलं, टेस्ट झालीच नाही. असे मृत्यू 'संशयित' राहिले, आकड्यात आले नाहीत. अखेर सुप्रीम कोर्टाने ३० जून २०२१ ला निकाल दिल्यावर सप्टेंबरमध्ये केंद्राने नियम सैल केले. निदान झाल्यापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू, घरी झाला असला तरी, कोरोनाचा धरायचं ठरलं. वारसांना ५०,००० रुपये मदत ठरली आणि वाद असेल तर जिल्हा समितीकडे दाद मागायची सोय झाली.

मग काय झालं पाहा. जानेवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात राज्यांची माहिती आली. महाराष्ट्राचे अधिकृत मृत्यू १,४१,७३७ आणि मदतीचे अर्ज २,१३,८९०. गुजरातमध्ये मृत्यू १०,०९४, अर्ज ८९,६३३. प्रत्येक अर्ज खराच असेल असं नाही. पण एवढा फरक नुसत्या खोट्या अर्जांनी पडत नाही.

देशाचं चित्रही तसंच. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अंदाज दिला, की २०२० आणि २०२१ मिळून भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख मृत्यू जास्त झाले. सरकारी आकडा होता ४.८१ लाख. केंद्र सरकारने त्या पद्धतीवर हरकत घेतली. नंतर मे २०२५ मध्ये सरकारचीच नोंदणीची आकडेवारी आली. २०२० मध्ये नोंदलेले मृत्यू सुमारे ८१ लाख, २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. म्हणजे एका वर्षात २१ लाखांची वाढ, तर त्या वर्षातले अधिकृत कोरोना मृत्यू सुमारे ३.३ लाख. ही सगळी वाढ कोरोनाची म्हणता येणार नाही. नोंदणी सुधारली असेल, दुसऱ्या आजारांचे उपचार न मिळूनही लोक गेले. तरीही रोजचा आकडा कमी होता, ही लोकांची शंका बिनबुडाची नव्हती. बिनबुडाची होती ती शिक्क्याच्या पैशाची अफवा. तिच्यामुळे काही घरांनी टेस्टच टाळली आणि पुढे हक्क मागायला हातात कागद उरला नाही.

खरा प्रश्न इथेच आहे. जो मोजला गेला नाही, त्याच्या घरालाही काही मिळालं नाही. इद्दतीत बसलेल्या बहिणीने कुठल्या ऑफिसच्या चकरा मारायच्या होत्या? दफन झालं, दुआ झाली, कागद मात्र राहिले, असं किती घरांत झालं!

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवू या. मृत्यू जिथे झाला, तिथल्याच कार्यालयात नोंद होते. चाकणचा माणूस पिंपरीत वारला तर दाखला पिंपरी-चिंचवड महापालिकेचा. नोंद २१ दिवसांत करायची. घरी मृत्यू झाला तर ती जबाबदारी घरच्यांची. कब्रस्तानची पावती म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे. दाखल्यावर मृत्यूचं कारण छापलेलं नसतं, म्हणून 'कोरोना लपवला' असा समज अनेकांचा झाला. कारणाचं प्रमाणपत्र वेगळं असतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर डॉक्टरांनी त्याची प्रत जवळच्या नातेवाईकालाही द्यायची आहे, ती मागून घ्या. कामगाराचा पीएफ कापला जात असेल, तर नोकरीत असताना मृत्यू झाल्यास त्याच्या विम्याचे ७ लाखांपर्यंत मिळू शकतात. त्याला कारण कोरोनाच असावं लागत नाही. पीएफमध्ये वारसाचं नाव भरलंय का, हे आजच पाहा.

आणि मोहल्ल्याच्या जिम्मेदार मंडळींना एक विनंती. कब्रस्तानची वही नीट ठेवा. नाव, वय, तारीख, राहण्याचा आणि मृत्यूचा पत्ता लिहा. सरकारच्या आकड्यावर शंका घ्यायचा हक्क आपल्याला आहेच. पण शंका घेणाऱ्याची स्वतःची वही तरी पूर्ण हवी.