कोऱ्या वहीची किंमत
डोंबिवलीत गॅलरीत उभे राहून तळहात पसरला, तर सेकंदाला साधारण एक म्युऑन त्यातून आरपार जातो. वैश्विक किरण वातावरणावर आदळल्याने निर्माण होणारे हे कण मोजण्यासाठीच टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बी. व्ही. श्रीकांतन १९५१मध्ये, होमी भाभांच्या सूचनेवरून, कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले. खोली वाढली तसे म्युऑन विरळ होत गेले. पुढे सर्वांत खोल पातळीवर दोन महिन्यांत एकही आला नाही. अशी कोरी वही एरवी कुणाला हवी असते? पण न्यूट्रिनो ओळखायचा तर हा वरचा गलबला थांबणे भागच होते. १९६५मध्ये २.३ किलोमीटर खोलीवर, जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह, जवळजवळ आडवे धावणारे म्युऑन टिपले गेले. ते वरून येणे अशक्य. न्यूट्रिनोंनी खडकातच त्यांना जन्म दिला होता.